जड क्लच

वरच्या वस्तीत माझ्या भाऊजींना सगळे 'सावकाश' म्हणत. गाडीत कुणी चढलं की ते म्हणायचे 'सावकाश', उतरलं की 'सावकाश', आणि मागून एखादा घायकुतीला आलेला ट्रकवाला हॉर्न वाजवत बसला तरी खिडकीतून हात बाहेर काढून तेच. ताईच्या लग्नात मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा वाटलं, काय हे ध्यान पसंत केलंय हिने. एक वाक्य बोलताना दोनदा थांबायचे. मी पडलो गॅरेजवाला, माझं डोकं कायम तापलेलं. यांचं आणि माझं जमायचं नाही, याबद्दल मला खात्री होती. पुढची तीस वर्षं त्यांच्याइतकं माझं कुणाशीच जमलं नाही.

त्यांच्याकडे एक जुनी जीप होती. कापडी टपाची, आखूड, चारही चाकांना ओढ असलेली. आमच्या गावातला डांबरी रस्ता पुलापाशी संपतो. पुढे सहा किलोमीटर दगड, माती, दोनदा ओढ्याचं पात्र, आणि शेवटी एक उभा चढ, त्याला सगळे नुसतं 'वळण' म्हणतात. त्याच्या वर साठ-सत्तर घरं, एक शाळा, दवाखान्याची एक खोली. तिथे दुसरी कुठलीच गाडी धडपणे जात नाही. भाऊजी सव्वीस वर्षं रोज दोन फेऱ्या करायचे. खालून धान्याची पोती, गॅसच्या टाक्या, शिक्षक, नर्सबाई. वरून आजारी माणसं आणि दिवस भरलेल्या बायका. दोन मुलं तर दवाखान्यात पोचायला तयारच नव्हती, ती गाडीतच झाली. त्यातला एक आता मिशा फुटल्यावरही भाऊजींना बघितलं की लाजतो.

घरात भाऊजींचं फारसं चालायचं नाही. भाजी कुठली आणायची इथपासून भाच्याने काय शिकायचं इथपर्यंत सगळं ताई ठरवायची आणि भाऊजी 'सावकाश बघू' म्हणून मान डोलवायचे. पण पुलाच्या पलीकडे गेले की त्यांचा खांदा दोन बोटं वर यायचा. मी कितीदा तरी त्यांच्या शेजारी बसून वर गेलोय, म्हणून सांगतो. तिथे त्यांच्या शब्दावर साठ घरं हलायची. 'आज वळणावर पाणी आहे, फेरी नाही' असं ते म्हणाले की शाळा बंद.

त्यांचा डावा गुडघा गेला हे मला त्यांनी सांगितलं नाही. मला पेडलने सांगितलं. क्लचच्या पेडलचं रबर एका कडेने झिजायला लागलं होतं, म्हणजे पाऊल सरळ पडत नव्हतं. मग पाच-सहा महिन्यांत प्लेट गरम झाल्याचा वास यायला लागला. ज्याचा पाय दुखतो तो क्लच पुरता दाबत नाही आणि पुरता सोडतही नाही, पाय त्याच्यावर टेकवून ठेवतो. त्याने प्लेट सतत घासते. म्हणजे गाडी जुनी झाली होती म्हणून क्लच जळला नाही, भाऊजींच्या गुडघ्याने जाळला. हे मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं असणार, पण आम्ही दोघंही मूग गिळून बसलो.

एका सकाळी चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि गाडी जागची हलेना. भाऊजींनी कशीबशी ती खाली आणून माझ्या दारात लावली. मी गिअरबॉक्स उतरवला. प्लेटवरचं अस्तर रिवेटपर्यंत झिजलं होतं, फ्लायव्हीलवर तापून निळे डाग पडले होते. भाऊजींनी वाकून बघितलं, 'बरं' म्हणाले, आणि आज फेरी नाही हे नर्सबाईंना कळवायला खालच्या दवाखान्याच्या कचेरीकडे चालत गेले. जाताना प्रत्येक दगड बघून पाऊल टाकत होते.

मी दुकानातून तीन खोकी आणून टेबलावर मांडली. अशा जुन्या गाडीला तीन तऱ्हेचे क्लच बसतात. एक हलका. पेडल लोण्यासारखं दबतं, पण वजन घेऊन चढायला लागलं की घसरतो. दुसरा मधला, गाडी बनली तेव्हाच्या मापाचा, फक्त अस्तर चांगल्या प्रतीचं. आणि तिसरा जड. याच्या स्प्रिंगा इतक्या कडक की मागे लाकडांनी भरलेली ट्रॉली बांधली तरी हूं की चूं करत नाही. पण पेडल दाबायला मांडीत ताकद लागते, आणि दिवसातून दोनशे वेळा लागते.

क्लच निवडताना माझी एक पद्धत आहे. तिच्यावरून गावात माझी चेष्टा होते. बंद पडलेल्या एका दवाखान्यातला माणसं मोजायचा वजनकाटा मी गॅरेजच्या भिंतीला उभा ठोकून ठेवलाय. समोर एक स्टूल. गाडीवाल्याला स्टुलावर बसवायचं आणि सांगायचं, दाब डाव्या पायाने, मी तीस म्हणेपर्यंत धरून ठेव. काटा कुठवर जातो आणि कुठे थरथरतो ते बघायचं, मग त्याला क्लच द्यायचा. लोक मला 'डॉक्टर' म्हणतात. म्हणोत. रस्त्याचा अंदाज कुणालाही येतो, गाडीवाल्याचा पाय मोजायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. या काट्यावर मी भल्याभल्या मिशीवाल्यांचा ताठा उतरवलाय.

भाऊजींना मात्र मी त्या स्टुलावर बसवलं नाही. बहिणीच्या नवऱ्याला 'बसा इथं आणि पाय दाबून दाखवा' म्हणायचं माझ्या जिवावर आलं. आमच्या घरात मोठ्या माणसाला तोंडावर काही सांगायची रीतच नाही. आम्ही सगळं आडून सांगतो. आमच्या वडिलांना, आबांना, ऐकू येईनासं झालं तेव्हा कुणी त्यांना तसं म्हटलं नाही, सगळ्यांनी मोठ्याने बोलायला सुरुवात केली, आणि ते शेवटपर्यंत आम्हाला भांडकुदळ समजत राहिले.

दुपारी ताई भाऊजींचा डबा घेऊन आली. ते नव्हते. ती खुर्ची पुसून बसली आणि टेबलावरच्या खोक्यांकडे बघत राहिली.

"यातला जड कुठला?" तिने विचारलं.

मी दाखवला.

"तो घाल."

"ताई, मधला पुरेल. तेवढ्याने काम भागतं."

"भागायला नकोच आहे," ती म्हणाली. मग तिने सांगितलं. गेल्या आठवड्यात ती त्यांना हाडाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गाडी बंद केली तर हा गुडघा अजून दहा वर्षं रेटेल. नाही केली तर आधी काठी, मग खुर्ची. "घरी आल्यावर मी म्हटलं, सोडा आता. तर म्हणे, सावकाश बघू. माझ्याने पुन्हा नाही बोलवत रे. त्यांचा चेहरा बघवत नाही."

"मग मी बोलू?"

"तू कसा बोलशील? मेव्हण्याने सांगितलं म्हणून गाडी सोडली, हे त्यांना किती लागेल. त्यापेक्षा गाडीनेच सांगू दे. पेडल दबेना झालं की चार दिवस ओढतील, पाचव्या दिवशी आपणहून किल्ली खुंटीला लावतील. कुणी सोडायला लावली असं व्हायला नको."

मी तिला वेड्यात काढायला हवं होतं. दुसरा कुणी असं सुचवता तर मी पान्हा हातात घेऊन त्याच्या मागे लागलो असतो. ज्याला पेडल दाबवत नाही त्याच्या हातात माणसांनी भरलेली गाडी द्यायची, आणि ती मी द्यायची. पण खरं सांगतो, त्या वेळी मला ते शहाणपणाचं वाटलं. मायेचं वाटलं. भाऊजी सावध माणूस, वळणावर पोचायच्या आधीच त्यांना कळेल, असा मी हिशोब केला. आणि मुख्य म्हणजे मला तोंड उघडावं लागणार नव्हतं.

भाऊजी आले. डबा खाल्ला. हात धुऊन टेबलापाशी आले.

"कुठला घालतोयस?"

मी जड क्लचचं खोकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडून बघितलं, दोन्ही हातांत तोललं.

"जड आहे," ते म्हणाले.

"चढ आहे, वजन असतं. हलका घातला तर वर्षाच्या आत पुन्हा जळेल." हे अगदीच खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं सहज तोंडातून निघालं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ओळखलं यांनी. ताई डब्याचं झाकण लावत होती, ते तिला लागेना.

"तुला हाच बरोबर वाटतो?"

"हो."

"मग घाल," ते म्हणाले, आणि खोकं माझ्या हातात परत दिलं.

दुसऱ्या दिवशी गाडी तयार झाली. भाऊजी बसले, पेडलवर पाय ठेवला आणि दाबलं. अर्ध्यावर अडकलं. पुन्हा दाबलं. गळ्याची शीर वर आली. तिसऱ्या वेळी पेडल खाली गेलं. मी खिडकीला हात टेकून उभा होतो. त्या क्षणी मी 'बदलू का' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. भाऊजींनी कपाळ पुसलं, "होईल सावकाश," म्हणाले आणि गाडी बाहेर काढली. पुलापर्यंत मी तिचा आवाज ऐकत होतो. प्रत्येक गिअर जागच्या जागी पडला.

चार दिवस झाले. पाचवा गेला. आठव्या दिवशी भाऊजी चाकात हवा भरायला आले आणि चहा पिऊन निघून गेले. महिना झाला, दोन झाले. किल्ली काही खुंटीला लागली नाही.

उलट त्यांनी युक्त्या शोधल्या. गुडघा वाकवून दाबता येईना, म्हणून पाठीमागे घडी घातलेलं पोतं ठेवलं आणि पाठ त्याला रेटून अख्खा पाय एकदम पुढे ढकलायला लागले. गिअर कमी वेळा बदलावा लागावा म्हणून ओढ्यापासून वळणापर्यंत सगळा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जायला लागले. लोक म्हणायचे, आता 'सावकाश' खरंच सावकाश झाले. ताई रोज रात्री त्यांच्या गुडघ्याला तेल चोळायची आणि ते तिला सांगायचे, दुखत नाही गं, सवयीने चोळून घेतो.

तिसऱ्या महिन्यात नर्सबाई स्कूटर दाखवायला आल्या. त्या वीस वर्षं भाऊजींच्या शेजारच्या सीटवर बसून वर जात. जाता जाता म्हणाल्या, "तुमचे भाऊजी हल्ली गिअर बदलताना डोळे मिटतात. मी नको म्हणून सांगितलं, तर हसतात."

 मी त्याच दिवशी त्यांच्या घरी गेलो. भाऊजी खाटेवर पाय लांब करून बसले होते. ताई माझ्याकडे बघून डोळ्यांनी काहीतरी सांगत होती, ते मला कळत होतं. ती आदल्या आठवड्यात गॅरेजमध्ये येऊन म्हणूनच गेली होती, बदल रे बाबा, माझं चुकलं. आणि मी तिला म्हटलं होतं, ते तक्रार करू देत, मग लगेच बदलतो. धडधाकट क्लच मी काय सांगून उघडू?

"भाऊजी," मी म्हटलं, "क्लच कसा चाललाय?"

"एक नंबर. चढाला जरासुद्धा घसरत नाही."

"थोडा हलका करून देऊ का? मधल्या मापाचा पडलाय माझ्याकडे. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. इतका की मला वाटलं, पायात कळ आली.

"का? तुला काही वाटलं का?"

"नाही, असंच. बोलता बोलता."

"मग राहू दे," ते म्हणाले. आणि त्यानंतर ते माझ्याशी पावसापाण्याचं बोलले. मी घरी आलो. मधला क्लच घालायचा तर आधी जड का घातला होता हे सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायची मला लाज वाटत होती. दुसरं काही कारण नव्हतं. लाजेपायी मी चार महिने घालवले.

सातव्या महिन्यात ते झालं. सकाळची फेरी होती. गाडीत नर्सबाई, शाळेचे दोन शिक्षक, एक म्हातारं जोडपं, मागे पोती. वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन दम टाकायला लागलं, तेव्हा भाऊजींनी पहिला टाकण्यासाठी पेडल दाबलं. पेडल खाली गेलं, गिअर सुटला, आणि गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. तो मागच्या शिक्षकांनाही ऐकू गेला. गाडी मागे सरकायला लागली. भाऊजींनी उजव्या पायाने ब्रेक धरला, हँडब्रेक ओढला, आणि स्टिअरिंग असं वळवलं की गाडीचा मागचा भाग दरीकडे न जाता डोंगराच्या बाजूला टेकला. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही.

"सावकाश उतरा," ते म्हणाले. सगळे उतरले. ते तसेच बसून राहिले. नर्सबाई त्यांच्या बाजूला गेल्या तेव्हा दिसलं, डावा पाय पेडलवर तसाच पडलाय आणि त्यांना तो उचलता येत नाहीये. शाळेतलं एक लांब बाक आणून त्यावर त्यांना निजवलं आणि चौघांनी सहा किलोमीटर खाली आणलं. वाटेत ते दोनदाच बोलले. दोन्ही वेळा विचारलं, कुणाला लागलं नाही ना.

ऑपरेशन झालं. पाय वाचला, पण सरळच्या सरळ राहिला. आता तो वाकणार नाही. डॉक्टरांनी ताईला विचारलं, सात महिन्यांपूर्वी मी काय सांगितलं होतं.  ती खाली बघत राहिली, आणि तिच्या शेजारी मीही.

जीप माझ्या गॅरेजमध्ये आणून लावली होती. मी पाठीमागचं ते पोतं काढलं, सीटवर बसलो आणि पेडल दाबलं. माझे दोन्ही पाय ठणठणीत आहेत. दहा वेळा दाबल्यावर माझी मांडी भरून आली. मग मी गिअरबॉक्स उतरवला आणि मधला क्लच घातला. सकाळच्या चहानंतर सुरुवात केली आणि जेवायच्या आधी काम संपलं. एवढंच काम होतं ते. आता ती गाडी दूधवाल्याचा जावई चालवतो, आणि फार जोरात चालवतो.

भाऊजी घरी आल्यावर मी रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. खिडकीपाशी खुर्ची, समोर स्टूल, त्यावर तो सरळ पाय.  एकदा बाहेरून जीप गेली. तिचा आवाज पुलापलीकडे विरेपर्यंत ते थांबले, मग म्हणाले, "तुझी ताई तुझ्यावर चिडली आहे का?"

"नाही. का?"

"तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत नाही हल्ली. तिने जड क्लचवरून तुला काही म्हटलं असेल, तर मनावर घेऊ नको. तिला नाही कळायचं ते." ते थांबले. त्यांचं वाक्य नेहमी दोनदा थांबायचं, मी वाट बघितली. "क्लच जळला ना, त्या दिवशी मी गाडी सोडणारच होतो. डॉक्टर म्हणाले होते, ही म्हणत होती. सगळे माझ्या पायाकडे बघायचे, माझ्याशी बोलताना पायाकडे बघून बोलायचे. मी मनात ठरवून तुझ्याकडे आलो होतो. तू हलका काढलास तर समजायचं, तुलाही कळलंय. मग किल्ली तिथेच तुझ्या टेबलावर ठेवायची आणि घरी यायचं."

मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. मी स्टुलावरच्या पायाकडे बघत होतो, आणि ते लक्षात आल्यावर नजर तिथूनही काढली.

"आणि तू जड काढलास," ते म्हणाले. "मी विचारलंसुद्धा तुला. तू हो म्हणालास. म्हटलं, या माणसाने आयुष्यभर गाडीवाल्यांचे पाय ओळखलेत, हा उगाच हो म्हणायचा नाही. सगळ्यांनी मला मोडीत काढलं होतं, तू एकट्याने नाही. ते सात महिने मी त्याच्या जोरावर काढले. दुखलं की तुझं ते 'हो' आठवायचो."

ताई चहा घेऊन दारात येऊन उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.  ती तशीच मागे फिरली आणि आत गेली.

"मधे एकदा तू हलका करून देऊ का म्हणालास," भाऊजी म्हणाले, "तेव्हा जरा लागलं मला. पण तू लगेच असंच म्हणालास. असंच म्हणाला होतास ना?"

"असंच," मी म्हणालो.

"आणि जड काढलास तेव्हा? तुला खरंच वाटलं होतं ना, की मला झेपेल?"

"हो भाऊजी. वाटलं होतं."

त्यांनी मान डोलवली आणि खिडकीबाहेर बघायला लागले. आत ताईला हुंदका आवरत नव्हता. तो त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून मी मोठ्याने बोलायला लागलो. दूधवाल्याच्या जावयाने टायर कसे खाल्ले आहेत, मागचे दोन या महिन्यात बदलावे लागतील, काय काय सांगत राहिलो.